पिंजऱ्यात एकटाच
कासीम रझवीच्या खटल्यावरील नाटकाची प्रस्तावना

पाथरीच्या मोंढ्यात वजनकाट्यावरून शब्दाला शब्द लागला की दोघांतला एकजण हमखास म्हणतो, "काय रझाकारी लावली का?" म्हणणारा तिशीतला असतो. त्याने रझाकार पाहिलेला नसतो, त्याच्या बापानेही नसतो. शब्द घरात होता, तसा तोंडात आला. म्हाताऱ्या माणसाला जन्मतारीख विचारा. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी ठोकून दिलेली १ जून असते आणि खरी तारीख असते, "पोलीस ॲक्शनच्या आधल्या साली, जवारी हुरड्यात आली तवा." १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या भाषणांतला कासीम रझवी दरवर्षी तेवढाच क्रूर आणि तेवढाच पुसट असतो. त्याचं पुढे काय झालं, हे विचारलं तर कुणी म्हणतो फाशी दिली, कुणी म्हणतो पळून गेला.

फाशी झाली नाही आणि तो पळालाही नाही. त्याच्यावर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, ती त्याने भोगली. हे नाटक त्या खटल्याचं आहे. लेखक आमच्या भागातले, शाळामास्तर, आणि नाटकातल्यापेक्षा शेतातल्या कामांना जास्त सरावलेले. त्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी आधी तालीम दाखवा म्हणालो.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये होती, दिवाळीच्या सुट्टीत. आरोपीचा पिंजरा म्हणजे दोन उभी केलेली बाकं आणि त्यांच्यामध्ये बांधलेला कासरा. रझवी करणारा पोरगा पाथरीचाच. उर्दू त्याला येते, म्हणजे आपल्याकडची दखनी येते, 'हौ' आणि 'नक्को'ची. मागे भिंतीला टेकून बसलेले एक चाचा दोन प्रवेश गप्प होते. तिसऱ्याला उठले. "बेटा, वो यूपी का आदमी था, वकील था. नक्को नै बोलता था." झालं. तालीम तिथेच थांबली आणि अर्धा तास त्या पोराकडून घशातला 'क' घोटून घेणं चाललं. निघताना मी चाचांना विचारलं, प्रयोगाला येणार ना? ते म्हणाले, "पूरा खटला दिखाओगे तो आता हूं."

पूरा खटला. नाटक वाचताना आणि आता हे लिहिताना ते दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

रझवी मूळचा उत्तर प्रदेशातला, अलिगढला कायदा शिकलेला. वकिली त्याने केली ती लातूरला. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा वकील, तुमच्या-आमच्या ओळखीतला असावा असा. १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचं नेतृत्व बहादूर यार जंगांकडे होतं. ते १९४४ साली अचानक वारले. दोन वर्षांनी अध्यक्षपद रझवीकडे आलं आणि रझाकार ही स्वयंसेवकांची सशस्त्र फौज झाली. भाषणात तो लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायचा आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाच्या पायांशी आणायचा. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्याच्या लोकांनी पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि निजामाचे सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन यांच्या घरांना वेढा घातला, भारत सरकारशी होऊ घातलेला करार अडवला आणि महिनाभरात हैदराबाद राज्याचं पंतप्रधानपद लायक अलींकडे गेलं. पुढच्या दहा महिन्यांत काय झालं ते मराठवाड्यात नव्याने सांगायला नको. आडात टाकलेली तांब्या-पितळेची भांडी, रातोरात हद्दीपलीकडच्या कॅम्पात पोचवलेल्या लेकी-सुना, जळालेल्या गंज्या. घरोघर हे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा राज्यात शिरल्या. १७ ला संध्याकाळी निजामाने शस्त्रं खाली ठेवली. काही दिवसांत रझवीला अटक झाली.

आणि इथे नाटककारापुढे पहिली अडचण उभी राहते. प्रेक्षकाला वाटतं की आता न्युरेंबर्ग. १९४५-४६ साली जर्मनीत झालं तसं काहीतरी: मोठा हॉल, कानाला यंत्रं लावलेले आरोपी, 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' असं लिहिलेलं आरोपपत्र. काळ तोच होता. १९४८ च्या नोव्हेंबरात टोकियोचा निकाल वाचला गेला आणि २३ डिसेंबरला जपानचे युद्धकाळातले पंतप्रधान तोजो फासावर गेले. त्याच आठवड्यांत हैदराबाद राज्यात लष्करी गव्हर्नर जनरल जयंतनाथ चौधरी कारभार पाहत होते आणि रझवी कोठडीत होता. तुलना त्या काळातही होत होती. ती पहिल्यांदा जाहीरपणे कुणी केली, तर खुद्द निजामाने. २३ सप्टेंबरच्या रेडिओ भाषणात मीर उस्मान अलींनी रझवीच्या टोळक्याची पद्धत हिटलरच्या जर्मनीसारखी होती असं सांगून टाकलं. या टोळक्याने आपल्यालाच वेठीला धरलं, आपण हतबल होतो, असा एकूण सूर. लेखकाने हे भाषण पहिल्या अंकाच्या सुरुवातीला रेडिओवरून ऐकवलं आहे. रझवी पिंजऱ्यात उभा राहून ते ऐकतो, एकही शब्द बोलत नाही. नाटकातली मला सगळ्यात आवडलेली जागा ही.

तर न्युरेंबर्ग झालं नाही. का नाही, याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. आपण त्या पाच दिवसांना 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. रणगाडे आले, विमानं आली, एका राज्याच्या सेनापतीने दुसऱ्या सेनेपुढे शरणागती पत्करली, पण नाव पोलीस कारवाईचं. हा शब्द विचार करून निवडलेला होता. हैदराबादचं प्रकरण तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे पोचलं होतं. युद्ध म्हटलं असतं तर दोन देश आले असते. पोलीस कारवाई म्हटलं की घरातला मामला. पण युद्धच नव्हतं म्हटल्यावर युद्धगुन्हाही नाही. उरले ते फौजदारी कायद्यातले गुन्हे. सप्टेंबर १९५७ पर्यंत रझवीला ज्या शिक्षेने आत ठेवलं, त्या शिक्षेचं कलम दरोड्याचं होतं.

होय, दरोडा. १० जानेवारी १९४८, गाव बीबीनगर, जिल्हा नळगोंडा. रझाकारांनी गावावर चाल केली, घरं लुटली. नेतृत्व रझवीचं, हा आरोप. शिक्षा सात वर्षं सक्तमजुरी. दुसरं मोठं प्रकरण 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांच्या खुनाचं. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं हा तरुण मुसलमान संपादक उर्दूत, उघड लिहीत होता. २१ आणि २२ ऑगस्ट १९४८ च्या मधल्या रात्री कचेरीतून घरी जाताना त्याला रस्त्यात गाठलं, गोळ्या घातल्या, हात तोडला. मराठवाड्यातल्या १७ सप्टेंबरच्या किती भाषणांत हे नाव येतं? मी तरी मोजकंच ऐकलं आहे. नाटकात पहिल्या अंकाचा पडदा त्याच्यावर पडतो, हे लेखकाने योग्य केलं.

आता कागदाकडे पाहा. नळगोंडा तेलंगणात. शोएबुल्लांचा खून हैदराबाद शहरात. रझवीने ज्या लातुरात वकिली केली ते लातूर त्या शिक्षेच्या कागदावर नाही. नांदेड नाही, परभणी नाही, पाथरी तर नाहीच. आमच्या आजीने आडात टाकलेल्या भांड्यांचा हिशेब कोणत्याही न्यायाधीशापुढे गेला नाही. मराठवाड्याच्या मनातला आरोपी आणि कोर्टातला आरोपी यांची गाठ कधी पडलीच नाही म्हणा ना. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात यावर उपाय म्हणून मराठवाड्यातले चार साक्षीदार कोर्टात आणून उभे केले होते. मी ते काढायला लावले. कोर्टात जे आले नाहीत ते आले असं दाखवलं की नाटकाचा खटला होतो आणि खऱ्या खटल्याचं नाटक. आता ते चौघं कोर्टाबाहेर, झाडाखाली बसलेले असतात. त्यांच्या नावाचा पुकारा होत नाही. ते डबा उघडून भाकरी खातात, पुन्हा बसतात. हे जास्त टोचतं.

दरोड्याच्या कलमाची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायचं तर. बीबीनगरनंतर वीस दिवसांनी, ३० जानेवारी १९४८ ला, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली गेली. लुटणारे स्टेट काँग्रेसचे सैनिक होते, रक्कम वीस लाखांच्या आसपास, आणि ती लढ्यासाठी गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. उमरीची बँक आपल्याकडे पराक्रम म्हणून सांगतात आणि तो होताच. पण कलमांचं पुस्तक उघडलं तर बीबीनगर आणि उमरी शेजारी शेजारी येऊन बसतात. फरक हेतूचा आहे आणि कुणाला लुटलं याचा आहे. बँकेची तिजोरी आणि गरिबाची कणगी एक नव्हे. रझवीच्या वकिलाने हा मुद्दा काढला असता तर? लेखकाने तो काढला आहे, दुसऱ्या अंकात, आणि सरकारी वकिलाला त्यावर चांगलं उत्तरही दिलं आहे. प्रेक्षकांतून कुणी आक्षेप घेईल. घेऊ द्या.

सगळ्यात मोठं नाट्य मात्र कल्पनेतलं नाही. ते कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. खटला चालला तो विशेष न्यायाधिकरणापुढे. ते स्थापन झालं लष्करी गव्हर्नरांच्या विनियमाने, आणि त्या विनियमावर साल होतं १३५८ फसली. निजामाची सत्ता गेली तरी त्याचं पंचांग कोर्टात बसून होतं. या न्यायाधिकरणाची कार्यपद्धत साध्या सेशन कोर्टापेक्षा आखूड होती. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० उजाडला आणि भारताचं संविधान लागू झालं. रझवीच्या वतीने थेट प्रश्न आला: कलम १४ सगळ्यांना कायद्यापुढे समान म्हणतं, मग मला वेगळं कोर्ट आणि वेगळी पद्धत का? ज्याने भारताला नकार दिला, ज्याच्या माणसांनी भारताची बाजू घेणाऱ्यांची घरं लुटली, तो भारताच्या संविधानाचा पदर धरून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात उभा.

आणि न्यायालयाने त्याला हाकललं नाही. नीट ऐकून घेतलं. जानेवारी १९५३ मध्ये निकाल लागला तो तीन विरुद्ध दोन. तिघांचं म्हणणं, पद्धत वेगळी असली तरी खटल्यात प्रत्यक्ष जे घडलं त्यात आरोपीला मोठ्या प्रमाणात समान वागणूक मिळाली, म्हणून शिक्षा कायम. दोघांना ते पटलं नाही. पाचातल्या दोघांनी, तेही रझवीच्या बाबतीत, आपल्याच देशाच्या कोर्टाची पद्धत चुकली असं लिहून ठेवलं. कलम १४ शिकताना कायद्याची पोरं आजही हा निकाल वाचतात. त्यातला 'सय्यद कासीम रझवी' कोण हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असतं, देव जाणे.

मला विचाराल तर हा त्या खटल्याचा सगळ्यात मोठा विजय, शिक्षेपेक्षाही मोठा. रझाकारांच्या राज्यात शोएबुल्लाला तारीख मिळाली नव्हती. रझवीला ती मिळाली, अपील मिळालं, वरचं अपील मिळालं, आणि त्याच्या बाजूचं म्हणणं लिहून ठेवणारे दोन न्यायाधीशही मिळाले. न्युरेंबर्गला जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा न्याय केला अशी टीका होते. टोकियोत आपल्या राधाबिनोद पालांनी तीच टीका निकालपत्रात मांडली. हैदराबादेतही जिंकलेल्यांचंच कोर्ट होतं, पण त्याच्या डोक्यावर एक नवीन कोरं पुस्तक आलं होतं आणि ते आरोपीच्याही हातात देता येत होतं.

इथपर्यंत सगळं आपल्याला सोयीचं आहे. चाचांचा 'पूरा खटला' याच्या पुढे सुरू होतो.

पिंजऱ्यात कोण नव्हतं ते बघा. ज्याच्या नावाने सगळं चाललं तो निजाम १९५० साली राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत राहिला. पंतप्रधान लायक अली नजरकैदेत होते, मार्च १९५० मध्ये तिथून निसटून पाकिस्तानात गेले आणि पुढे स्वतःची कैफियत इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिली. राहिला लातूरचा वकील. तो निर्दोष नव्हता, शिक्षा त्याला हवीच होती. पण एवढ्या मोठ्या राज्याच्या पापाला एकच गळा सापडावा, हे पाहून माझ्यासारख्याला खेड्यातली पंचायत आठवते.

दुसरे न आलेले आरोपी आपल्यातले आहेत. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांची कत्तल झाली. रझाकारांचा सूड म्हणून झाली, आणि मारले गेले त्यांतल्या बहुतेकांनी रझाकाराची काठीसुद्धा हातात धरलेली नव्हती. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती नोव्हेंबरअखेर राज्यात आली आणि डिसेंबरात गावोगाव फिरली. तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांत. अहवाल छापला गेला नाही. संशोधकांना तो दिल्लीत नीट पाहायला मिळू लागला २०१३ साली, म्हणजे पासष्ट वर्षांनी. आकड्यांवर वाद आहेत आणि राहतील. पण या मृत्यूंसाठी रझवीसारखा गाजलेला खटला झाला नाही, पिंजरा उभा राहिला नाही.

त्याच अहवालात एक लहानशी नोंद आहे, ती लेखकाने उचलली याचं मला फार बरं वाटलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतःचा जीव घालवून. धर्म वेगळा, पण माग एक. नाटकात झाडाखाली बसलेल्या चौघांतला एक विणकर आहे. त्याला एकच वाक्य आहे. ते इथे सांगत नाही.

काहीजण म्हणतील, हे सगळं पाथरीत कशाला उकरायचं? इथे गल्लीला गल्ली लागून दोन्ही समाज आहेत, गोडीने आहेत. मी म्हणतो, म्हणूनच इथे. धर्माची अदलाबदल आणि राज्यांची उलथापालथ या गावाने फार आधीपासून पाहिली आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला, असं इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवलं आहे. बहमनी दरबारात तो मलिक हसन झाला, त्याच्या मुलाने राज्य काढलं आणि नातवाने १५१८ साली वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढून पाथरी घेतली, पूर्वजांचं गाव म्हणून. म्हणजे पाथरीच्या कुलकर्ण्याच्या वंशाने तलवार उपसली ती पाथरीसाठीच, आणि पाथरीकर बसले बघत. ज्या गावाच्या पोटात ही गोष्ट आहे त्याला दोन अंकी नाटक पचायला जड जाऊ नये.

दोष सांगायचे तर आहेत. दुसऱ्या अंकातला न्यायाधीशांचा प्रवेश लांबला आहे, तिथे संविधानाचा तास भरतो. रझवीच्या बायकोचं पात्र घातलंय, त्याची गरज नव्हती आणि त्याला आधारही नाही. शेवट मात्र जागेवर आहे. रझवी येरवड्याच्या तुरुंगात असताना, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्यच नकाशावरून गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात. ज्या राज्यासाठी त्याने एवढं केलं ते त्याच्या आधी संपलं. सप्टेंबर १९५७ मध्ये तो सुटला, पाकिस्तानात निघून जाण्याच्या अटीवर. मजलिस त्याने अब्दुल वाहेद ओवैसींच्या हवाली केली आणि कराचीला गेला. १९७० साली तिथेच वारला. नाटकात तो पिंजऱ्यातून बाहेर येतो, कासरा सोडून जमिनीवर ठेवतो आणि पिंजरा रिकामा उभा राहतो. संवाद नाही. दिग्दर्शकांनी तिथे पार्श्वसंगीत घालू नये, एवढी विनंती.

प्रयोग करणाऱ्या मंडळींना आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रझवीला खलनायकाच्या मिशा लावू नका आणि त्याच्याकडून आरडाओरड करून घेऊ नका. तो वकील होता, तर्काने बोलत असणार, आणि तर्काने बोलणारा माणूस जास्त घाबरवतो. दुसरं, शोएबुल्लांची भूमिका करणाऱ्याला उर्दू उत्तम आली पाहिजे. जमत नसेल तर गावातल्या एखाद्या चाचांना तालमीला बोलवा. ते येतात, फक्त बोलावलं पाहिजे.

वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या घरी त्या काळाचे फसली सालाचे कागद, पावत्या, पत्रं असतील तर ती रद्दीत घालू नका. आणि त्या वर्षाचं बोलणारं कुणी उरलं असेल, हिंदू असो वा मुसलमान, तर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या आणि लिहून ठेवा. १९४८ साली जे मूल दहा वर्षांचं होतं ते आज नव्वदीला टेकलं आहे.